घरच्या घरी पेंग्विन: ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी खेळ आणि प्रयोग

पेंग्विन म्हटलं की बहुतेक घरांत कापूस चिकटवून बर्फ करण्यापासून सुरुवात होते. राणीच्या बागेत जाऊन आलेल्या मुलाचा तिथेच गोंधळ उडतो, कारण मुंबईतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत आणि ते मुळात बर्फात राहतच नाहीत. ते पेरू आणि चिली या देशांच्या खडकाळ किनाऱ्यावरचे. तिथल्या समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, किनारा मात्र कोरडा, बराचसा वाळवंटी. म्हणून सुरुवात पेंग्विनच्या शरीरापासून करावी. तो केवढा असतो? गारठत का नाही? पाण्यातून येऊनही कोरडा कसा? अंडं कुठे ठेवतो? ही सगळी उत्तरं मुलाला स्वतःच्या हातांनी शोधता येतात आणि सामानही बहुतेक घरातलंच लागतं.

एका दिवशी एकच खेळ घ्या. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. मूल मधेच उठून गेलं तर जाऊ द्या, सामान दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडता येतं. रंगवायची छापील चित्रं अगदी शेवटी द्या. आधी दिली तर मूल नुसतं रंग भरतं. चार खेळ झाल्यावर दिली तर तेच मूल विचारतं, "याच्या छातीवरचा पट्टा कुठे गेला?"

भिंतीवरचे तीन पेंग्विन

वह्या-पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्या आणि त्याचे तीन पेंग्विन कापा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा सगळ्यांत छोटा लिटल पेंग्विन ३३ सेंमी, हम्बोल्ट ६५ सेंमी आणि अंटार्क्टिकाचा एम्परर ११५ सेंमी. रुंदी उंचीच्या साधारण एक तृतीयांश ठेवली की आकार बरोबर दिसतो. रंगवण्यात वेळ घालवू नका, डोकं, चोच आणि पाय एवढं पुरे.

चिकटवताना पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. मोठी माणसं कागद आपल्या नजरेच्या उंचीवर लावतात आणि मग सगळा खेळ फुकट जातो, कारण मुलाला शेजारी उभं राहून स्वतःला ताडून पाहता येत नाही. चार वर्षांचं मूल साधारण १०० सेंमीचं असतं, म्हणजे हम्बोल्टपेक्षा उंच आणि एम्पररपेक्षा बुटकं. हे कळल्यावर चेहरा बघण्यासारखा होतो.

मग मोजमाप. आधी मुलाच्या वितीने, नंतर आजीच्या वितीने. तोच पेंग्विन, पण आकडे वेगळे येतात. "असं का झालं?" एवढंच विचारा आणि उत्तराची वाट बघा. वीत टाकताना लहान मुलं मधे जागा सोडतात, नाहीतर बोट सरकवतात. प्रत्येक वितीच्या शेवटी पेन्सिलीने ठिपका काढून पुढची वीत तिथूनच सुरू करायला लावा. मापाची टेप पाच वर्षांच्या पुढे आणा, त्याआधी तिच्यावरचे आकडे मुलाच्या उपयोगाचे नसतात.

वजनही हातात द्या. लिटल पेंग्विन साधारण एक किलोचा, म्हणजे साखरेची एक पिशवी. हम्बोल्ट चार किलोच्या आसपास, त्यासाठी पाच किलोची आट्याची पिशवी थोडी कमी करून ठेवा. ती उचलू देऊ नका, जमिनीवरून ढकलू द्या.

वनस्पती तुपाचा हातमोजा

या सगळ्या खेळांत मुलांना सर्वांत जास्त आवडणारा आणि सर्वांत जास्त फसणारा प्रयोग हा. म्हणून जरा सविस्तर.

साधारण १५ बाय १८ सेंमीच्या चार झिपलॉक पिशव्या, अर्धा किलो वनस्पती तूप, रुंद चिकटपट्टी, एक टब, पाणी आणि बर्फाचे दोन ट्रे एवढं सामान लागतं.

एका पिशवीत सगळं वनस्पती भरा. दुसरी पिशवी उलटी करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, पहिलीच्या आत सरकवा. उलटी केल्यामुळे दोन्ही पिशव्यांच्या झिपा एकमेकींत बसतात. बसवा आणि कडेने चिकटपट्टी फिरवा. आता आतल्या पिशवीत हात घातला की चारी बाजूंनी तुपाचा थर येतो. बाहेरून दाबत दाबत तो सगळीकडे सुमारे एक सेंमी जाड करा. उरलेल्या दोन पिशव्यांचा तसाच मोजा करा, पण रिकामा. हा रिकामा मोजा वगळू नका. तो नसेल तर ऊब तुपामुळे आली की नुसत्या प्लॅस्टिकमुळे, हे मुलाला कळणार नाही.

टबात पाणी आणि बर्फ घालून पाच मिनिटं थांबा. मग एक हात तुपाच्या मोज्यात, एक रिकाम्या मोज्यात, आणि दोन्ही एकदम पाण्यात. पाणी मोज्याच्या तोंडाच्या खालीच राहू द्या. मोठ्याने वीसपर्यंत मोजा. रिकाम्या मोज्यातला हात बहुतेक वेळा दहाच्या आतच बाहेर येतो. न आला तरी वीसला दोन्ही हात बाहेर काढा. लहान मुलांचे हात बर्फाच्या पाण्यात त्यापेक्षा जास्त ठेवू नयेत.

बोटांची टोकं गार लागली तर मुलाने बोटं ताणून तिथला थर पातळ केला आहे, बाहेरून दाबून तूप परत आणा. एप्रिल-मेमध्ये वनस्पती मऊ होऊन खाली सरकतं. अशा वेळी मोजा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. थेट फ्रीजमधून हातात दिला तर मोजाच गार लागतो आणि निष्कर्ष उलटा निघतो. तेल वापरलं तर ते सगळं तळाशी जमतं. साजूक तूप हाताच्या उबेनेच वितळतं, शिवाय ते असं वापरायला जीव होत नाही. प्रयोग झाल्यावर वनस्पती सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. मोजा तसाच ठेवला तर पुन्हा वापरता येतो.

इथे थांबलात तर मूल अर्धीच गोष्ट शिकेल. पेंग्विनच्या कातडीखाली चरबीचा थर असतो हे खरं, पण त्याची मोठी भिस्त पिसांवर असते. आखूड, दाट पिसांच्या थरात हवा अडकून राहते आणि ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच रिकाम्या मोज्यात, दोन पिशव्यांच्या मधे, कापूस भरा. सैलसर भरा. ठासून भरला तर मधली हवा जाते आणि गारवा लवकर पोचतो. हे मुद्दाम करूनही दाखवण्यासारखं आहे: आधी सैल कापूस, मग ठासलेला. शेवटी मोठ्यांनी कापसावर चार चमचे पाणी टाकून पुन्हा हात घालायला सांगावं. ओला कापूस लगेच गार पडतो. आणि मग मूल आपणहून विचारतं की पेंग्विनची पिसं ओली कशी होत नाहीत.

पाणी घरंगळतं कसं

पेंग्विनच्या शेपटीच्या मुळाशी एक तेलाची गाठ असते. चोचीने तिथलं तेल घेऊन तो सगळ्या पिसांना लावत बसतो. हे दाखवायला चित्रकलेच्या जाड कागदावर दोन पेंग्विन काढा. एकाची पाठ काळ्या मेणाच्या खडूने रंगवा, दुसऱ्याची काळ्या जलरंगाने, आणि जलरंग पूर्ण वाळू द्या. मग औषधाच्या ड्रॉपरने दोन्हींवर तीन-तीन थेंब टाका. खडूवर थेंब गोल मण्यासारखे उभे राहतात, कागद तिरका केला की घरंगळतात. जलरंगाचा पेंग्विन भिजतो.

खडूच्या पेंग्विनवरही पाणी मुरलं तर खडू हलका फिरवला आहे. खडूच्या रेघांमधून कागद पांढरा डोकावत असेल तर पाणी तिथूनच आत शिरतं. एकदा आडवा, एकदा उभा, असा दाबून दोनदा रंग भरायचा. लहान मुलाच्या हातात तेवढा जोर नसतो, त्याला ऑइल पेस्टल द्या, ते मऊ असतात. ड्रॉपर दाबणं-सोडणं हा बोटांना फार चांगला व्यायाम आहे, पेन्सिल धरायला लागण्याआधीचा. त्यासाठी तरी हा खेळ दोन-तीनदा घ्या.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी एक पायरी पुढे: खडूवर उभ्या असलेल्या थेंबाला भांड्याच्या साबणात बुडवलेली काडी लावा. थेंब क्षणात पसरतो. समुद्रात जहाजातून तेल सांडलं की पिसं एकमेकांना चिकटतात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि पक्षी भिजून गारठतात. तेही याच वेळी सांगता येतं.

बाबांच्या पायांवरचं अंडं

हा खेळ एम्परर पेंग्विनचा. अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात मादी अंडं घालते, ते नराकडे सोपवते आणि समुद्रात चरायला निघून जाते. नर ते पायांवर ठेवून, वरून पोटाची कातडी पांघरून, साधारण ६५ दिवस उबवतो. तेवढे दिवस त्याच्या पोटात काही नसतं.

एम्पररचं अंडं साधारण ४५० ग्रॅमचं. जुन्या जाड पायमोज्यात स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून तेवढे तांदूळ भरा, तोंडाला घट्ट गाठ मारा आणि वर दुसरा पायमोजा चढवा. एकच पायमोजा असेल तर गाठ सुटते आणि तांदूळ घरभर होतात. तीन वर्षांच्या मुलासाठी २०० ग्रॅमच भरा, नाहीतर पाय उचलताच येत नाही.

आधी बाबांनी करून दाखवायचं. दोन्ही पायांचे चवडे जुळवून त्यावर अंडं ठेवायचं, हात अंगालगत आणि छोटी छोटी पावलं. दाराजवळून निघून सोफ्यापाशी उभ्या असलेल्या आईकडे जायचं आणि हात न लावता अंडं तिच्या पायांवर द्यायचं. देणं-घेणं हाच अवघड भाग आहे. खऱ्या पेंग्विनांकडूनही तेव्हाच अंडी निसटतात आणि बर्फावर गोठतात. खेळ अनवाणीच खेळा, फरशीवर पायमोजे सटकतात.

खेळ संपल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसावर फुली मारा आणि रोज सकाळी एक फुली मारत ६५ दिवस चालू ठेवा. पहिल्या आठवड्यानंतर मूल विसरेल, तुम्ही विसरू नका. दोन पानं उलटून तिसऱ्या पानावर फुली जाते तेव्हा ६५ हा आकडा त्याला खरोखर दिसतो. पासष्टाव्या दिवशी अंड्याच्या जागी कापसाचं राखाडी पिल्लू ठेवा. सोबत हेही सांगा की हम्बोल्ट असं करत नाही. तो बिळात, कपारीत किंवा पक्ष्यांच्या साठलेल्या विष्ठेत खड्डा करून घरटं करतो, आणि आई-बाबा दोघंही आळीपाळीने अंड्यांवर बसतात.

गर्दीतली ऊब

एम्परर नर हिवाळ्यात एकमेकांना खेटून उभे राहतात आणि बाहेरचे हळूहळू आत, आतले बाहेर असे सरकत राहतात. खोकल्याच्या औषधाच्या आठ रिकाम्या, एकाच मापाच्या गोल बाटल्या धुऊन घ्या. मोठ्यांनी त्यांत आंघोळीच्या पाण्यापेक्षा जरा जास्त गरम पाणी भरावं आणि झाकणं घट्ट लावावीत. एक बाटली मधे, तिच्याभोवती सहा, असा झुबका रबरबँडने आवळा. एका बाटलीभोवती तिच्याच मापाच्या बरोबर सहा बसतात, हेही मुलाला बघू द्या. आठवी एकटी. सगळ्या फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, मग मुलाला हाताच्या पालथ्या बाजूने स्पर्श करायला सांगा. एकटी सगळ्यांत गार लागते, मधली सगळ्यांत ऊबदार.

हा प्रयोग आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीत ठेवून होत नाही, पाणी निवतच नाही. फ्रीजमध्ये दोन तास विसरलात तर सगळ्याच गार होतात. ताप मोजायचा थर्मामीटर यासाठी वापरू नका, इतक्या गरम पाण्याचा आकडा त्याच्या मापाबाहेर जातो. हात पुरेसा आहे.

खडे मोजायचे, खडे पळवायचे

अंटार्क्टिकातला अॅडेली पेंग्विन खड्यांचं घरटं करतो, आणि शेजाऱ्याचे खडे खुशाल उचलून नेतो. बेरीज-वजाबाकीला यापेक्षा चांगली गोष्ट सापडणार नाही. दोन ताटल्या म्हणजे दोन घरटी, प्रत्येकात पाच सागरगोटे किंवा गुळगुळीत खडे. "शेजारी आला, दोन नेले. तुझ्याकडे किती? त्याच्याकडे किती?" आधी मोजून उत्तर, मग ताटलीवर रुमाल झाकून अंदाजाने, मग रुमाल काढून पडताळा. पाचापर्यंत पक्कं झाल्याशिवाय दहावर जाऊ नका. मूल प्रत्येक वेळी एकपासून मोजत असेल तर ते चुकत नाहीये, त्याला ते अजून लागतं.

घरात तीन वर्षांच्या आतलं भावंडं असेल तर खडे लिंबापेक्षा लहान नकोत. लहान खडा घशात अडकतो.

मासे आणि बाराखडी

हम्बोल्टचं मुख्य खाणं म्हणजे छोटे, थव्याने फिरणारे मासे. पेरूच्या समुद्रातला त्याचा आवडता मासा आपल्या मांदेलीच्याच कुळातला आहे. घरात मासे येत असतील तर एखादी मांदेली मुलाच्या हातात द्या: डोकं कुठे, शेपटी कुठे, खवले कोणत्या दिशेला. पेंग्विनला दात नसतात. त्याच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे निसटता मासाही आतच सरकतो, आणि तो मासा डोक्याकडून गिळतो.

चपलांच्या खोक्याला तोंड कापून पेंग्विन करा. कार्डशीटचे १२ सेंमी लांब मासे कापा, प्रत्येकाच्या तोंडाशी कागदाला लावायची एक लोखंडी यू-पिन अडकवा. काठीला दोरी आणि दोरीला चुंबक बांधा. मासा गळाला लागला की त्यावरचं अक्षर वाचायचं आणि डोकं पुढे करून खोक्यात टाकायचं. उलटा टाकला तर पेंग्विन तो परत देतो. डावं-उजवं, पुढचं-मागचं याचा सराव त्यातच होतो.

माशांवर 'प'ची बाराखडी लिहा, पण बाराच्या बारा एकदम नको. पहिल्या दिवशी प, पा आणि पे, सोबत पंख, पाणी, पेंग्विन. मग पो आणि पोट. पि आणि पी सगळ्यांत शेवटी, वेगवेगळ्या दिवशी, पिसं आणि पीठ या शब्दांसह. वेलांटी कोणत्या बाजूला, यात मुलं फार दिवस अडखळतात, तिथे घाई केली तर वाचनाचा कंटाळा येतो. चुंबक फ्रीजवर लावायचा मोठा, चपटा घ्या. बटणाएवढे जोरकस चुंबक घरात नकोतच. दोन गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना ओढतात आणि जिवावर बेततं.

राणीच्या बागेत जाताना

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आठ हम्बोल्ट आले आणि मार्च २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. बुधवारी बाग बंद असते. सुट्टीच्या दिवशी गर्दी इतकी असते की मुलाला काचेपाशी थांबू देत नाहीत, म्हणून जमलं तर मधल्या वारी सकाळी उघडताच जा. फ्लॅश बंद ठेवा, काचेवर थापा मारू देऊ नका.

मुलाला तीनच गोष्टी शोधायला सांगा: छातीवरचा घोड्याच्या नालासारखा एकच काळा पट्टा, चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी आणि पोटावरचे काळे ठिपके. हे ठिपके प्रत्येक पेंग्विनचे वेगळे असतात. घरी आल्यावर याच ठिपक्यांचा जोड्या लावायचा खेळ करा. पत्त्यांच्या आकाराची बारा कार्डं कापा, सगळ्यांवर एकच पेंग्विन काढा आणि दोन-दोन कार्डांवर ठिपके अगदी सारखे द्या. सुरुवातीला ठिपक्यांची संख्या वेगळी ठेवा, तीन, पाच, आठ अशी. मूल त्यात तरबेज झालं की सगळ्यांवर पाचच ठिपके द्या आणि फक्त जागा बदला. तेव्हा मोजून काम भागत नाही, नीट बघावंच लागतं. ठिपके स्केचपेनने काढत असाल तर कार्ड जाड घ्या, पातळ कागदावर मागून दिसतात आणि मुलं ते बरोबर हेरतात.